जाळीलगतची वाट

गुहागरकडच्या एका परड्यात, माडांची ओळ संपते तिथे, तारेच्या जाळीचं चौकोनी कुंपण आहे. आत हरळी छान माजलेली, एका कोपऱ्यात जास्वंद, कौलं घातलेलं बुटकं घर, पाण्याची ताटली. पाहणारा म्हणेल, वा. पण जाळीला अगदी लागून, आतल्या अंगाने, तांबड्या मातीत एक वाट पडलेली आहे. वीतभर रुंद, दोन बोटं खोल, चारही बाजूंना सलग. तिच्यावर गवताचं एक पातं नाही. ही वाट पाडणारं कासव फूटभर लांबीचं. काळपट पाठ, पायांवर शेंदरी ठिपके. नाकाच्या शेंड्यावरचं खवलं घासून गेलंय आणि मसुराच्या दाण्याएवढी गुलाबी जागा उघडी पडलीय. "दिवसभर फिरतं हो, घटकाभर बसत नाही. जागा भारी आवडलीय त्याला," घरातल्या काकू कौतुकाने सांगतात.

आवडलेली नाही.

कासवाला जाळी कळत नाही. डोळे चांगले असतात, रंगही ओळखतात, आणि पलीकडे जे दिसतं तिथे चालत जाता येतं एवढाच त्याचा हिशेब असतो. मध्ये काही आडवं आलं तर झुडूप आल्यासारखं बाजूने निघून जायचं. जाळीला बाजू नसते, म्हणून ते चालत राहतं. कुत्रा दोनदा आपटला की शिकतो. कासव महिनोन्महिने तीच जागा पुन्हा पुन्हा तपासतं. जिथून पलीकडचं दिसतच नाही अशा भिंतीपाशी मात्र ते थोड्या दिवसांत नाद सोडतं. कासवासाठी अंगणात जागा करायची तर पहिला नियम हाच, की जमिनीपासून निदान दीड फूट काहीही आरपार दिसता कामा नये. लोक जाळी आणतात ती आपल्याला आतलं दिसावं म्हणून. त्याच जाळीतून त्यालाही बाहेरचं दिसतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे कासव पाहायची सवय देवळातली. गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं, देवाकडे तोंड केलेलं दगडी कासव. त्याला पाय लावायचा नाही, वळसा घालून जायचं, हे चालायला लागल्यापासून सांगितलेलं असतं. दुसरं कासव विहिरीतलं. ते असलं की पाणी चांगलं राहतं म्हणून कुठून तरी धरून आणून सोडलेलं, वर्षातून चार वेळा कठड्यावरून दिसणारं. एक हलत नाही आणि दुसरं दिसत नाही, त्यामुळे कासवाला काही लागत नसतं अशी आपली पक्की समजूत होऊन बसली आहे. विहिरीतलं ते पाण्यातलं कासव, बोटांमध्ये पडदा असलेलं. त्याचा आणि जमिनीवरच्या कासवाचा संसार वेगळा. शिवाय ते पकडणं, घरात पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं देशी कासव कुणी कितीही प्रेमाने "शुभ असतं" म्हणून देऊ करो, त्यालाही हात लावायचा नाही. परदेशी जातींपैकी ज्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स यादीत आहेत त्यांची नोंद करावी लागते. 2022 ची कायद्यातली दुरुस्ती आणि 2024 चे नियम याचसाठी आहेत, आणि नोंदणी परिवेश पोर्टलवर होते. कागद नसेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

जातीचा प्रश्न कागदावर मिटला तरी हवेचा उरतो. बाजारात दोन नावं जास्त ऐकू येतात. एक आफ्रिकेतलं सल्काटा, सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातलं. पिल्लू तळहातावर मावतं, मोठा नर 50 किलोच्या पुढे जातो आणि जमिनीत स्वतः आडवा होऊन आत जाईल एवढी बिळं खणतो. ज्या प्रदेशात चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे हा प्राणी आणणं म्हणजे उंटाला तारवावर चढवण्यासारखं. ओल आणि गारवा एकत्र आले की फुप्फुसं धरतात, पोटाखालचं कवच कुजायला लागतं, आणि बीळ खणलं तर जुलैत त्याची विहीर होते. दुसरं दक्षिण अमेरिकेतलं लाल पायांचं कासव. रानाच्या कडेला, दमट सावलीत वाढणारं, फूटभर लांबीच्या आसपास थांबणारं. कोकणची दमट हवा त्याला मानवते. दमट हवा आणि साचलेलं पाणी या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथली बहुतेक कुंपणं नेमकी याच फरकावर फसतात.

आता भिंत. गडग्याचा, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या कुंपणाचा विचार सगळ्यांच्याच मनात आधी येतो, कारण तो आधीच तिथे असतो. गडगा दिसायला सुंदर, पण कासवासाठी वाईट. रचलेल्या दगडांच्या फटींत उंदीर राहतात, उंदरांमागून साप येतो, आणि कासव रोज एकाच दगडाला खांदा लावत राहिलं की तो दगड एक दिवस सुटतो. भिंत चुनासिमेंटात बांधलेली जांभ्याच्या चिऱ्याचीच हवी. एका मोठ्या कासवाला आतून 16 फूट बाय 10 फूट जागा असावी. चिऱ्याचं माप खाणीगणिक थोडं बदलतं. 14 इंच लांब, 9 रुंद, 7 उंच धरला तर एका थराला 47 चिरे लागतात. दोन थर जमिनीखाली, चार वर. म्हणजे 282, आणि गाडीतून उतरवताना फुटणारे धरून 310 मागवावेत. वर चार थर कशाला, तीनही 21 इंच होतात, असं गवंडी म्हणेल. त्याचं ऐकू नये. आतली जमीन पुढे मातीने वर येणार असते, ती उंची भिंतीतूनच वजा होते. तीन थरांवर भागवलं की भराव घातल्यावर आत तेरा-चौदा इंच उरतात, आणि फूटभर लांबीचं कासव मागच्या पायांवर उभं राहिलं की तेवढ्याला नख लावतं.

नख लावतं म्हणजे खरोखर लावतं. जांभा खरखरीत, भोकाभोकांचा. आपल्याला तो फक्त भिंत वाटतो, कासवाला त्यात पायऱ्या मिळतात. म्हणून आतल्या बाजूने गुळगुळीत गिलावा, अगदी वरपर्यंत. नाक घासतं तेही वाचतं. नव्या सिमेंटचं पाणी आत उतरू द्यायचं नाही; तीन आठवडे पाणी मारून, धुऊन काढून मगच प्राणी आत. कोपरे ही दुसरी चोरवाट. दोन भिंतींच्या बेचक्यात पाय रोवून कासव वर सरकतं, आणि बहुतेक वेळा निसटत नाही, उलटं पडतं. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. उताणं पडलं की आतड्यांचं सगळं वजन त्यांच्यावर येतं, त्यात एप्रिलचं ऊन असेल तर काही तासांत खेळ संपतो. म्हणून चारही कोपरे गोल करून घ्यावेत किंवा प्रत्येक कोपऱ्यावर कडप्प्याचा फूटभर त्रिकोणी तुकडा आतल्या बाजूला येईल असा बसवावा. भिंतीपासून दोन फुटांत ओंडका, दगड, कुंडी काहीही ठेवू नये. शोभेसाठी ठेवलेला दगड ही पहिली पायरी ठरते.

खालून येणारी घूस वेगळीच. तिच्यासाठी पायाच्या बाहेरच्या बाजूने 12 मिलिमीटर चौकोनांची वेल्ड मेश काटकोनात वाकवून, फूटभर बाहेर पसरून पुरायची. किनाऱ्याजवळ साधी जस्ताची जाळी खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत भुगा होते, तेव्हा प्लास्टिकचा लेप असलेली घ्यावी. कड्या, कोयंडे, स्क्रू स्टेनलेसचे. सहा कोनांची कोंबडीची जाळी घेऊच नये, कुत्रा ती दातांनी फाडतो. आणि मासेमारीचं जुनं जाळं? विहिरीवर, मिरचीच्या वाफ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर, किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात ते कुठे ना कुठे ताणलेलं असतं. फुकट मिळतं, कुजत नाही. कासवाच्या आसपास त्याचा वीतभर तुकडासुद्धा नको. नायलॉनचा धागा पायाच्या कातडीच्या घडीत शिरला की कासव ओढत राहतं, धागा आवळत जातो, आणि पाय काळा पडेपर्यंत घरात कुणाला कळत नाही.

या सगळ्यानंतर पाऊस.

पक्क्या भिंतीचं कुंपण म्हणजे टाकीच. हे साधं वाक्य बांधकामाच्या दिवशी कुणाला सुचत नाही, कारण बांधकाम फेब्रुवारीत होतं. 160 चौरस फुटांत 100 मिलिमीटर पाऊस पडला तर जवळजवळ 1500 लिटर पाणी होतं, आणि कोकणात असा दिवस जुलैत कुणी लक्षातही ठेवत नाही. जमिनीवरचं कासव पोहत नाही. तेव्हा आतली जमीन एका टोकाला 8 इंच आणि दुसऱ्या टोकाला 4 इंच उचलायची. 16 फुटांत 4 इंचांचा उतार पाणी काढायला पुरतो. त्याला साधारण 80 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या थोडा वर भराव लागतो. नुसती तांबडी माती घातली तर पावसात लोणी आणि उन्हात खापर होते. दोन भाग माती, एक भाग जाड नदीची वाळू, एक भाग बारीक केलेलं नारळाचं सोडण किंवा कोकोपीट, असं मिश्रण चांगलं. समुद्राची वाळू दारात पडलेली असली तरी नको. मीठ तर असतंच, आणि खाण्याबरोबर पोटात गेली की आतड्यात बसते. उताराच्या शेवटी मातीखाली फूटभर रुंदीचा खडीचा पट्टा, आणि भिंतीतून तीन इंची पीव्हीसीचे तीन पाइप बाहेर. एक पुरेल असं गणित सांगतं, पण पोफळीचं एक पान येऊन तोंडावर बसलं की गणित संपतं. पाइपांना दोन्ही तोंडांनी तीच 12 मिलिमीटरची जाळी. त्या जाळीवर अडकलेली पानंफुलं रोज सकाळी हाताने काढावी लागतात. दोन दिवस कुणी घरात नसलं तर तिसऱ्या दिवशी आत तळं असतं.

घर चढावर, उंच टोकाला. 4 फूट बाय 3 फूट, दोन फूट उंच, चिऱ्याच्या जोत्यावर, जोतं मातीपासून 9 इंच वर. चढायला अडीच फूट लांबीची उतरण, तिच्यावर आडव्या पट्ट्या. दार 14 इंच रुंद, 10 इंच उंच, पूर्वेकडे तोंड करून, कारण पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. वर कौलं आणि चारही बाजूंनी फूटभर पाखं. उतरण नेमकी पागोळ्यांखाली येऊ देऊ नये. पागोळ्या दगडाला खळगे पाडतात, कासवाच्या दारात तर आठवड्यात डबकं करतात. दार रात्री बंद, कडीला खिळा नाही, कुलूप. दिवसा कावळे, मुंगूस आणि गावातली मोकळी कुत्री. रात्री उंदीर, जे झोपलेल्या कासवाचे पाय खरंच कुरतडतात. मोठ्या कासवाला दिवसा वरून छप्पर नसलं तरी चालतं. वीतभराच्या आतलं पिल्लू असेल तर अख्खं कुंपण वरून जाळीने बंद, त्यात सूट नाही. कावळ्याला एक दुपार पुरते. जाळी मारताना वर आंब्याची फांदी टेकलेली नाही ना हेही पाहावं, नाही तर तिच्यावरून हुमले उतरतात, आणि कातडीच्या घडीत शिरलेला तांबडा मुंगळा कासवाला झटकता येत नाही. सावलीसाठी माडाखाली कुंपण घालायचा मोहही होतो. एक नारळ पडला की कवचाचं काय होतं ते पाहू नये. कोकमाखाली, पेरूखाली घालावं, अर्धी जागा उन्हात आणि अर्धी सावलीत राहील असं.

ऊन त्याला का लागतं, हे एकदा समजलं की पावसाळ्याची खरी अडचण लक्षात येते. उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसलं तर खाल्ल्यातलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात मुरत नाही, आणि वाढत्या पिल्लाचं कवच बोटाने दाबलं तर दबायला लागतं. काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा घरात छताखाली तेच किरण देणारी यूव्हीबीची नळी लावावी लागते, रोज दहा-बारा तास. ती दिसायला उजळत राहते, पण किरण कमी होत जातात, म्हणून वर्षाने बदलायची. ओल्या जागेत वीज नेतोय, तेव्हा अर्थ लीकेज ब्रेकर आधी आणि नळी मागून. थंडीचा प्रश्न किनाऱ्यावर फारसा येत नाही. दापोलीसारख्या वरच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा चांगला खाली येतो आणि हे लाल पायांचं कासव थंडीची झोप घेणारं नाही. 20 अंशांच्या खाली घर जाऊ नये एवढं पाहायचं. सुकलेल्या पानांचा ढीग आणि थर्मोस्टॅट लावलेला छोटा सिरॅमिक हीटर भागवतो. नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, पोटाच्या कवचाला घाण वास, यातलं काहीही दिसलं की घरगुती उपाय नाहीत, थेट पशुवैद्य.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण परड्यात सगळं उगवतंच. जास्वंदीची पानंफुलं, हरळी, शेवग्याचा पाला, फड्या निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे, पपई, पेरू, थोडा आंबा. उरलेला भात आणि भाकरी नको, कितीही आवडीने खाल्ली तरी. कण्हेर, धोतरा, रुई, घाणेरी कुंपणाच्या आसपासही नको. कच्चं अळूही नको, आपल्या घशाला होतं तेच त्याच्याही. हापूसच्या कलमांखालचं गवत मोहर सुरू झाल्यापासून आंबा उतरेपर्यंत कापून आणू नये. तुडतुड्यांवर मारलेलं औषध खाली त्या गवतावरच येतं. कॅल्शियमसाठी मात्र कोकणात पैसे टाकायचं कारण नाही. वाळूवर भरतीरेषेशी पांढरी, होडीच्या आकाराची, नखाने ओरखडा उठेल अशी हलकी फळी सापडते. समुद्रफेन. माकुलाच्या अंगातली ती ढाल. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवून, रोज पाणी बदलून, उन्हात वाळवून कुंपणात टाकून द्यायची. कासव तिच्याकडे आठ दिवस बघतही नाही. मग एक दिवस तिच्या कडेला चिमणीने चोच मारावी तशी अर्धचंद्राची खाच दिसते.

पाण्याची ताटली कुंडीखालची, मातीची, दीड फूट व्यासाची. काठ जमिनीशी समपातळीत येईल अशी पुरायची, पाणी दोन इंचांहून जास्त नाही. ते रोज बदलायचं. कासव पाणी पितं, त्यातच बसतं आणि त्यातच घाण करतं.

आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, घराची असते तशी या कुंपणाचीही असते. मे महिन्याच्या शेवटी कौलं चाळून घ्यायची, पाइपांतून बादलीभर पाणी सोडून पाहायचं, उतार कुठे बसला असेल तिथे भर घालायची, पाला आणि सोडण कोरडं भरून ठेवायचं, कड्यांना तेल द्यायचं. मिरगाच्या आदल्या दिवशी हे करू म्हटलं की राहून जातं. आणि ही आगोट किती वर्षांची, याचा हिशेब कुणी मांडत नाही. हे कासव नीट सांभाळलं तर पन्नास वर्षं जगू शकतं. घरातली मुलं मुंबईला, गणपतीला चार दिवस येणारी. परड्यात फिरणारे हात साठीचे. पाइपाच्या तोंडावरचं पान वीस वर्षांनी कोण काढणार, हा प्रश्न चिरे मागवायच्या आधी घरात बसून विचारायला हवा, आणि उत्तर नसेल तर कासव आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावरही कासवांसाठी कुंपण घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमाराला तिथे काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी घरट्यातून काढून, जाळीच्या आत तेवढ्याच खोलीचे खड्डे करून पुरतात. कोल्हे, कुत्री आणि एके काळी ती अंडी खाणारी, विकणारी माणसं बाहेर राहावीत म्हणून. पन्नासेक दिवसांनी वाळू हलते, पिल्लं टोपलीत घालून पाण्याजवळ सोडतात, ती लाटेत जातात. कुंपण रिकामं होण्यासाठीच घातलेलं असतं. ते पाहायला सकाळी सहाला उभी राहिलेली गर्दी सगळी गप्प असते. परड्यातलं कुंपण पाहताना मनात जे थोडं खुपतं ते त्या गर्दीत खुपत नाही, एवढं खरं. म्हणून परड्यातलं कुंपण वाईट बांधावं असं होत नाही. उलट, ज्याला कुठेच जायचं नाही त्याचं कुंपण जास्त नीट हवं.

गुहागरच्या त्या घरातल्या काकांनी चिऱ्याची भिंत काही घातली नाही. जाळी नवी होती, खर्च झालेला होता, आणि ते बरोबरच आहे. त्यांनी फणसाच्या जुन्या फळ्या होत्या त्या जाळीला बाहेरून खालच्या दीड फुटापर्यंत ठोकून घेतल्या आणि खाली फूटभर पुरल्या. पहिले चार दिवस कासव फळ्यांशी फिरत राहिलं. मग दुपारचं जास्वंदीखाली बसायला लागलं. नाकावरची जागा आधी करडी झाली, मग मिटली. पाऊस सुरू झाल्यावर त्या वाटेत पाणी धरलं, आणि श्रावणात पाहिलं तर दोन्ही काठांकडून हरळी आत सरकत आलेली, मध्ये जेमतेम चार बोटं माती उघडी. पूर्वेच्या बाजूला एका जागी मात्र दोन फळ्या नीट भिडलेल्या नाहीत. करंगळी जाईल एवढी फट, तिच्यातून पाणंदीचा तुकडा आणि पलीकडच्या घराची पायरी दिसते. त्या फटीसमोर गवत आलेलं नाही. तळहाताएवढी माती तिथे घट्ट, तुळतुळीत झालेली आहे, आणि सकाळी दार उघडलं की कासव आधी तिथे जातं.